तट असावा, अभेद्य नसावा

संगणकावर आणि मोबाईलवर खेळले जाणारे खेळ हे केवळ वेळेचा अपव्यय होय, असे मत वडीलधाऱ्या मंडळींत वारंवार ऐकू येते. सर्वच खेळांची तरफदारी करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. तथापि या खेळांमध्ये एक जात अशी आहे की, तिचा विचार बुद्धिबळाच्या पंक्तीला बसवूनच करावा लागतो. हे खेळ पाळीपाळीने खेळावयाचे असतात. हाताच्या चपळाईला त्यांत फारसा वाव नसतो. खेळाडूने नगर वसवावे, शेते पिकवावी, सैन्य उभारावे, नगराभोवती तट बांधावा आणि प्रतिस्पर्ध्याची पाळी झाली की पुन्हा शांतपणे विचार करून आपली चाल करावी, असा त्यांचा क्रम असतो.

हे खेळ खेळणाऱ्या विद्यार्थ्यांत एक वाद नेहमीचा आहे आणि मधल्या सुट्टीत तो कानी पडतो. एक पक्ष म्हणतो, "तट फार बळकट आहेत, आत बसून राहणाराच जिंकतो, तटाचे बळ निम्मे करा." दुसरा पक्ष म्हणतो, "तट दुबळे केले तर ज्याने आधी सैन्य जमविले त्याचाच विजय ठरलेला. मग नगर वसवायचे तरी कशाला?" वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. परंतु नियम कसा असावा, तो कोणी बदलावा आणि कशासाठी बदलावा, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. ज्यांना उद्या नागरिक म्हणून याहून मोठे नियम करावयाचे व पाळावयाचे आहेत, त्यांनी या लहान प्रश्नावर नीट विचार करण्याची सवय लावून घ्यावी, यात वावगे काहीच नाही.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. तटाचे काम वेळ मिळवून देणे हे आहे. विजय मिळवून देणे हे नव्हे. खेळातील तटबंदीचा तोल बिघडला असेल, तर तट पाडून तो सुधारत नाही. तटाला योग्य ती किंमत लावावी आणि प्रत्येक तटाला योग्य तो तोड द्यावा, म्हणजे तो सुधारतो.

बकऱ्यांची भिंत

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला, असे कोणी समजू नये. आपल्याकडे वाघ-बकरीचा डाव पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आपले तेलुगू भाषिक शेजारी त्याला पुलि-मेक म्हणतात. जमिनीवर कोळशाने पट आखावा, खडे आणि चिंचोके घ्यावे, की खेळ सुरू. त्याच्या एका प्रचलित प्रकारात तेवीस घरांच्या त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. वाघाने बकरीवरून उडी मारून पलीकडच्या मोकळ्या घरात जावयाचे व ती बकरी गट्ट करावयाची. बकऱ्यांनी वाघाला चोहोंकडून कोंडावयाचे.

या खेळात बकरीला नखे नाहीत आणि दातही नाहीत. तिचे सारे संरक्षण एका साध्या नियमात आहे: तिच्या पाठीमागचे घर भरलेले असेल तर वाघाला तिच्यावरून उडी मारता येत नाही. दोन बकऱ्या एका रेषेत पाठोपाठ उभ्या राहिल्या की त्या दिशेने त्यांची भिंत झाली. ही भिंत अभेद्य आहे. पण ती सर्व बाजूंनी एकाच वेळी उभी करता येत नाही, कारण बकऱ्या एकेक करूनच पटावर येतात. भिंत पुरी होण्यापूर्वीच्या त्या अवधीत वाघाची संधी असते. बकऱ्यांची संख्या थोडी वाढविली तर वाघ हमखास कोंडला जाईल. थोडी घटविली तर भिंत कधी उभीच राहणार नाही. गावोगावी वाघांची व बकऱ्यांची संख्या वेगवेगळी आढळते, ती यामुळेच. ज्या कोणा अनाम खेळाडूंनी हे आकडे ठरविले, त्यांनी तटबंदीचा तोल साधण्याचेच काम केले होते.

राजाचा किल्लेकोट

बुद्धिबळातही हाच प्रश्न आहे आणि तेथे तर त्याचे नावच तटबंदीवरून पडले आहे. राजाला दोन घरे सरकवून हत्तीच्या आड सुरक्षित ठेवण्याच्या खेळीला मराठीत किल्लेकोट म्हणतात. आपल्या जुन्या देशी पद्धतीत हा किल्लेकोट नव्हता. राजाला एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी मारण्याची मुभा असे. आजच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत मात्र बहुतेक डावांत दोन्ही राजे पहिल्या दहाबारा खेळ्यांतच कोटात जाऊन बसतात.

रशियाचे माजी विश्वविजेते व्लादिमिर क्रामनिक यांनी २०१९ साली असा विचार मांडला की, राजा इतक्या सहज सुरक्षित होतो म्हणून उच्च दर्जाचे खेळाडू आपसांत फार डाव बरोबरीत सोडवितात. यास्तव किल्लेकोटाशिवाय खेळून पाहावे. ही नुसती कल्पना राहिली नाही. अल्फाझीरो या नावाची बुद्धिबळ खेळणारी संगणकप्रणाली वापरून क्रामनिक व काही संशोधकांनी नियमांचे नऊ निरनिराळे बदल तपासले व २०२० साली त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे जुलै २०२१ मध्ये जर्मनीतील डॉर्टमुंड येथे आपले विश्वनाथन आनंद आणि क्रामनिक यांच्यात किल्लेकोटाविना चार डावांचा सामना झाला. तो आनंद यांनी अडीच विरुद्ध दीड गुणांनी जिंकला.

या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट क्रामनिक यांचे मत ही नव्हे. ते कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. घेण्यासारखी आहे ती त्यांची रीत. त्यांनी बदल एकच सुचविला. तो आधी यंत्राकडून आणि नंतर माणसांकडून खेळवून पाहिला. आणि हे चालू असताना मूळ खेळाचा नियम कोणावरही लादून बदलला नाही. जगभर किल्लेकोट आजही चालू आहे. तटाचे बळ निम्मे करा म्हणून ओरडणाऱ्या मित्रांनी ही सबुरी शिकावी.

एका आकड्याचा प्रताप

आता संगणकातील तटाकडे वळू. १९९१ साली अमेरिकेत सिड मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सिव्हिलायझेशन' हा खेळ निर्माण केला. या जातीच्या असंख्य खेळांना त्याने वाट दाखविली. १९९६ साली निघालेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत नगराचा तट भूदलाविरुद्ध आतील शिपायाचे संरक्षणबळ तिप्पट करीत असे. तिप्पट हा शब्द ऐकावयास साधा आहे. त्याचा परिणाम किती होतो, हे पाहण्यासाठी थोडे गणित करू. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना संभाव्यतेचा धडा असतोच.

असे समजू की, दगड फेकणाऱ्या यंत्राचे आक्रमणबळ ६ आहे आणि नगरातील भालाईताचे संरक्षणबळ ३ आहे. दोघांनाही दहा-दहा प्राण आहेत. प्रत्येक चकमकीत एकाचा एक प्राण जातो. चकमक जिंकण्याचा संभव आपापल्या बळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे आक्रमकाचा संभव त्याचे बळ भागिले दोघांच्या बळाची बेरीज, इतका. ज्याचे दहा प्राण आधी संपतील तो हरला. तट मुळीच नसेल तर आक्रमकाचा संभव प्रत्येक चकमकीत दोन-तृतीयांश आहे. पण अशा अनेक चकमकींची लढाई तो शंभरांत सुमारे ९४ वेळा जिंकतो. तटाने भालाईताचे बळ दुप्पट केले तर ६ विरुद्ध ६, म्हणजे शंभरांत ५०. आणि तटाने ते तिप्पट केले तर ६ विरुद्ध ९. आक्रमक शंभरांत अवघ्या १९ वेळा जिंकतो.

पाहा, दुपटीच्या जागी तिप्पट लिहिले की पन्नासाचे एकोणीस झाले! हा एका आकड्याचा प्रताप आहे. तेव्हा "निम्मे करा" किंवा "दुप्पट करा" अशा घोषणा देण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसणे बरे. दीडपट ठेवले तर आक्रमक जवळजवळ तीन-चतुर्थांश वेळा जिंकतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दीड आणि तीन यांच्यामध्ये खेळाचा सारा स्वभाव पालटतो.

येथे मनुष्यस्वभावाची एक गंमतही नमूद केली पाहिजे. सिड मायर यांनी २०१० साली दिलेल्या एका व्याख्यानात सांगितले की, तिनास एक असे पारडे आपल्या बाजूस असताना हरलेला खेळाडू खेळावरच अन्यायाचा आरोप करतो. मात्र तेच पारडे उलट असताना आपण अचानक जिंकलो, तर त्यात त्याला काहीच वावगे वाटत नाही. तट फार बळकट आहेत ही तक्रार कानी आली की, ती तटावर चालून जाणाऱ्याची आहे की तटाआड बसलेल्याची, हे आधी विचारावे.

पुरंदर, गोवळकोंडा आणि चांदा

तटाचे खरे काम कोणते, हे समजण्यासाठी इतिहासाचे साक्षीदार आपल्या आसपास उभे आहेत. आपल्या जिल्ह्यात उटनूरची गढी आहे. शेजारच्या निर्मळला बुरुजांचे अवशेष आहेत. माहूरचा किल्ला आहे. आणि गोंड राजांची परंपरा ज्या सिरपूर, बल्लारपूर व चंद्रपूर या राजधान्यांची नावे सांगते, त्यांतील सिरपूर तर २०१६ पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होते.

प्रथम पुरंदर पाहू. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनी पुरंदरास वेढा घातला. मुख्य गडावर थेट घाला घालण्याऐवजी त्यांनी शेजारचा वज्रगड एप्रिल महिन्यात घेतला आणि तेथून पुरंदरावर तोफा डागल्या. पुढे लाकडाचा उंच दमदमा उभारून बुरुजांवर मारा केला. जून महिन्यात तह झाला आणि तेवीस किल्ले द्यावे लागले. पुरंदरचा तट कच्चा नव्हता. शेजारची उंची शत्रूच्या हाती गेली, हे त्याचे दुखणे होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. किल्ल्याजवळ त्यावर मारा करता येईल अशी दुसरी उंच जागा असू नये, असल्यास ती फोडावी, फोडणे शक्य नसल्यास तीही बांधून काढावी, अशा अर्थाचा उपदेश त्यात आहे. शत्रूला तोड सापडला म्हणून संरक्षकाने आपला नियम सुधारला.

गोवळकोंड्याची गोष्ट तर आपल्या तेलंगणातील मुलांना ठाऊकच आहे. औरंगजेबाच्या प्रचंड सैन्याला १६८७ साली त्या किल्ल्यापुढे सुमारे आठ महिने तिष्ठत बसावे लागले. सुरुंग लावले, हल्ले चढविले, पण तट हार मानीना. अखेर आतल्या एका सरदाराने फितूर होऊन दरवाजा उघडला. तटाने आपले काम चोख केले होते. ज्यांनी तट राखावयाचा ती माणसे फुटली. तटाचे बळ चुन्यादगडाइतकेच आतल्या शिबंदीवर अवलंबून असते.

जिंजीचे उदाहरण माझ्या मते सर्वांत बोलके आहे. १६९० पासून १६९८ पर्यंत मोगलांचा जिंजीशी झगडा चालला आणि अखेर किल्ला पडला. म्हणजे जिंजी व्यर्थ गेली काय? मुळीच नाही. ती सात-आठ वर्षे मोगलांचे मोठे सैन्य दूर दक्षिणेत अडकून पडले आणि त्या अवधीत संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी उघड्या मैदानात शत्रूला जेरीस आणले. राजाराम महाराज तर किल्ला पडण्यापूर्वीच सुखरूप बाहेर पडले होते. तटाने वेळ मिळवून दिला. त्या वेळेचे सोने केले ते मैदानातील घोडदळाने. किल्ला हरला आणि राज्य मात्र टिकले.

शेवटी चंद्रपूर, म्हणजे त्या वेळचे चांदा. पंधराव्या शतकातील खांडक्या बल्लाळशहाच्या नावाशी जोडलेला तेथील तट दहा किलोमीटरांहून अधिक लांबीचा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशी आजही उभ्या आहेत. मे १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने तोफांनी या तटाला खिंडार पाडले व काही दिवसांतच नगर घेतले. त्याच महिन्यात रायगडही समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून केलेल्या तोफांच्या माऱ्याने पडला. इतका लांब तट सर्व बाजूंनी राखावयाचा तर माणसे किती लागतील, याचा विचार चंद्रपूरच्या वेशीखालून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा करून पाहावा.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. इतिहास असा घडला म्हणून खेळही हुबेहूब तसाच असावा, असे अनुमान कोणी काढू नये. १८१८ साली एका बाजूकडे लांब पल्ल्याच्या तोफा होत्या आणि दुसरीकडे जुने तट होते. तो सामना समबळांचा नव्हता आणि इतिहासाने तो समबळांचा करण्याची काळजी घेतली नाही. इतिहास न्यायाने वागेलच, असे नसते. खेळाने मात्र न्यायाने वागलेच पाहिजे, कारण माणसांनी तो त्याचसाठी निर्माण केला आहे. इतिहासापासून आपण तटाचा स्वभाव शिकावा. न्याय आपण स्वतः त्यात घालावा.

तोल कसा साधावा?

एवढ्या विवेचनावरून काही तत्त्वे निघतात, ती आता मांडतो.

पहिले असे की, तटाने वेळ द्यावा. शत्रूला पाचदहा पाळ्या अडवून धरील आणि तेवढ्यात संरक्षक मदत आणू शकेल, असा तट चांगला. ज्याच्या आड बसून काहीच न करता विजय मिळतो, तो तट खेळाला मारक होय. म्हणून मोडलेला तट एका रात्रीत आपोआप उभा राहू नये आणि वेढ्यात सापडलेल्या नगराची डागडुजी थांबावी. 'सिव्हिलायझेशन'च्या २०१६ सालच्या सहाव्या आवृत्तीत चोहोंकडून वेढलेले नगर आपले नुकसान भरून काढू शकत नाही. हा नियम मला फार समर्पक वाटतो. रसद तुटलेल्या गडाची अवस्था तशीच असते.

दुसरे असे की, प्रत्येक तटाला तोड असावा; पण तो तोड महाग, संथ आणि उघड्यावर दुबळा असावा. त्याच सहाव्या आवृत्तीत तटांच्या तीन पायऱ्या आहेत. तलवारीच्या शिपायाने तटावर कितीही वार केले तरी तटाचे फारसे बिघडत नाही. तट फोडणारा ओंडका सोबत असेल तर पहिल्या पायरीचा तट पडतो. चाकांवरचा लाकडी बुरूज दुसऱ्या पायरीच्या तटापर्यंत उपयोगी पडतो. तिसऱ्या पायरीपुढे ही दोन्ही साधने निरुपयोगी ठरतात आणि तोफाच आणाव्या लागतात. ही साधने स्वतः लढू शकत नाहीत. त्यांना वाटेत गाठणारा संरक्षक त्यांचा सहज फडशा पाडू शकतो. म्हणजे तटाआड बसलेल्यालाही बाहेर पडून काहीतरी करण्याचे कारण उरते. असा नियम दोघांनाही विचार करावयास लावतो.

तिसरे असे की, तटाला किंमत असावी. बांधण्याचा खर्च, देखभालीचा खर्च आणि तो राखण्यास लागणारी माणसे, हा भार तट बांधणाऱ्यावर पडला पाहिजे. ज्याने सर्व नगरांना तट बांधले त्याची शेते आणि शाळा मागे राहाव्या. ज्याने एकही बांधला नाही त्याला झोप लागू नये. निवड करावी लागते तेथेच बुद्धीची कसोटी लागते. फुकट मिळणाऱ्या तटात कसली आली निवड?

चौथे तत्त्व मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नियमातील बदल खेळ सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावा आणि तो सर्वांना सारखा लागू असावा. डाव हरू लागल्यावर "आता तटाचे बळ कमी धरू" असे म्हणणे म्हणजे गोट्या खेळताना आपली पाळी आली की गल जवळ सरकविण्यासारखे आहे.

दुबळ्यांचा प्रश्न

यावर एक आक्षेप येईल. "तट महाग केले, त्यांना तोड दिला, की खेळ पुन्हा बलवानाच्याच हाती जाणार. नवख्या खेळाडूने काय करावे?" हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण तटाची गरज खरोखर कोणाला असते, हे तो दाखवितो. ज्याने शंभर डाव खेळले आहेत त्याला तट नसला तरी चालतो. ज्याचा हा तिसराच डाव आहे, ज्याच्या घरी संगणक नाही आणि जो शाळेच्या संगणक कक्षात आठवड्यातून एकदाच खेळतो, त्याला तट हवाच. तटाचे बळ सरसकट निम्मे करा, असे म्हणणारे बहुधा चांगले खेळाडू असतात, हे मी पाहिले आहे. त्यांना डाव लांबलेला आवडत नाही. पण नवख्याला तो लांबलेला वेळच तर हवा असतो. त्या वेळात तो शिकतो.

म्हणूनच तटाचे बळ घटविण्याला माझा विरोध आहे. पहिला, साधा तट स्वस्त असू द्या आणि तो आरंभीच्या धाडीला पुरून उरेल इतका पक्का असू द्या. पुढचे उंच तट मात्र महाग करा आणि त्यांना तोड द्या. अशाने नवख्याला पहिल्या विसाव्या पाळीतच पटावरून उठावे लागणार नाही आणि जुन्या खेळाडूला शंभर पाळ्या तटाआड दडून राहता येणार नाही. दुबळ्याला आधार मिळावा, आळशाला मिळू नये. चांगल्या नियमाची पारख यावरूनच करावी.

करून पाहण्यासारखे

आता विद्यार्थी मित्रांना एक सूचना करतो. 'फ्रीसिव्ह' नावाचा याच जातीचा एक खेळ विनामूल्य मिळतो. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ साली त्याचा आरंभ केला आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढविला. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याचे नियम साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेले असतात आणि ते कोणालाही वाचता व बदलता येतात. तटाने बळ किती वाढावे, तट बांधण्यास किती खर्च यावा, हे आकडे त्यात सापडतात.

तेव्हा वाद घालण्याऐवजी प्रयोग करा. दोन-दोनांच्या जोड्या करा. एका आकड्याने दहा डाव खेळा. मग तो एकच आकडा बदलून आणखी दहा डाव खेळा. प्रत्येक डावानंतर बाजू बदला, म्हणजे कोणी पक्षपाताची शंका घेणार नाही. कोण जिंकले, किती पाळ्या लागल्या, कितव्या पाळीला पहिले नगर पडले, हे एका वहीत नोंदवा. आणि शेवटी हरलेल्याला एकच प्रश्न विचारा: "तुला आणखी काय करता आले असते?" त्याला या प्रश्नाचे उत्तर देता आले, तर तुमचा नियम चांगला आहे. "काहीच करता आले नसते," असे तो म्हणाला, तर तट फार बळकट आहे अथवा फार दुबळा आहे. वही पाहून कोणता ते ठरवा.

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी खंत बाळगू नये. हाच प्रयोग वाघ-बकरीच्या पटावर खडूने आणि चिंचोक्यांनी होतो. पंधरा बकऱ्यांच्या जागी तेरा घ्या, मग सतरा घ्या आणि काय होते ते पाहा. घरी आजी-आजोबांना हा डाव येत असेल, तर त्यांच्या गावी किती बकऱ्या घेत असत, हेही विचारून ठेवा आणि त्याच वहीत लिहा. पुढील वर्षीच्या वार्षिकांकात अशा नोंदींचे एक पान छापता आले, तर तटांविषयीच्या कोणत्याही गरमागरम वादापेक्षा ते अधिक उपयोगी ठरेल, अशी माझी खात्री आहे.